उभं कुठे राहायचं

पुस्तिकेचा आकार मी सदऱ्याच्या खिशावरून ठरवला. पहिला नमुना साडेचार इंच रुंद झाला होता. तो खिशात घालून इंदूरच्या इतवारियातल्या काच मंदिरात गेलो, चपला काढायला वाकलो आणि पुस्तिका घसरून पायरीवर पडली. मागून येणाऱ्या एका आजींनी ती उचलली, कपाळाला लावली आणि मला परत दिली. पोथी समजल्या असाव्यात. दुसरा नमुना सव्वातीन इंचांचा केला. रुंदी गेली तशी ओळीत पाच-सहा शब्दच मावायला लागले. एवढ्याशा ओळींत लांब वाक्य चार वळणं घेतं, आणि उन्हात उभा असलेला माणूस दुसऱ्या वळणावरच मान वर करतो. वाक्यं आपोआप तुटली. माझी भाषा थोडीफार सुधारली असेल तर त्याचं श्रेय शिंप्याला.

शाळेत चित्रकला शिकवत नोकरी संपवली आणि मग महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींना इंदूर दाखवायला लागलो. उज्जैनचा महाकाळ, ओंकारेश्वर, महेश्वर असा त्यांचा बेत असतो. इंदूरच्या वाट्याला एक दुपार आणि सराफ्याच्या खाऊबाजारातली एक रात्र येते. राजवाड्यासमोर फोटो होतो, ‘आपल्या होळकरांचा’ असं अभिमानाने म्हणून होतं, आणि मग भुट्ट्याचा कीस कुठे चांगला मिळतो हा प्रश्न येतो. माझा त्यावर राग नाही, कीस मलाही आवडतो. पण एवढ्या लांबून येऊन माणसं एकाच जागी उभी राहतात आणि एकच गोष्ट पाहून जातात, याची चुटपुट लागायची. बरोबर हिंडून दाखवायचं तर माझे गुडघे किती दिवस साथ देणार? म्हणून पुस्तिका.

कल्पना मात्र माझी नव्हे. माझी भाची ऑर्लंडोला असते. एका दिवाळीला तिने तिथल्या डिस्नेच्या बागेवरचं खिशात मावेल असं पुस्तक आणलं. बागेत लपवून ठेवलेल्या बारकाव्यांची ती जंत्री होती: कुठल्या भिंतीवर, कुठल्या गालिच्यात एक मोठा आणि दोन लहान गोल असा मिकीचा चेहरा दडवला आहे, कुठली खिडकी खोटी आहे. त्यातली एक युक्ती मला फार आवडली. कॅलिफोर्नियात १९५५ साली उघडलेल्या पहिल्या डिस्नेलँडमधला किल्ला अवघा ७७ फूट उंच आहे. पण वर जाता जाता त्याचे दगड लहान लहान करत नेले आहेत, त्यामुळे तो डोळ्याला पुष्कळच उंच वाटतो. तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांचे वरचे मजलेही खालच्यापेक्षा आखूड आहेत. मी इतकी वर्षं फळ्यावर रेल्वेचे रूळ काढून पर्स्पेक्टिव्ह शिकवलं. या लोकांनी अख्खा रस्ता काढून शिकवलं होतं.

तरी ते पुस्तक वाचताना काहीतरी खटकत होतं, आणि ते कळायला मला वेळ लागला. ते आपल्याकडच्या दहावीच्या गाइडसारखं होतं. प्रश्न त्यांनीच काढलेले, उत्तरंही त्यांनीच दिलेली. लपवलेला मिकी सापडण्यासाठीच लपवलेला असतो. आमच्या इंदुरात कुणी काही सापडावं म्हणून ठेवलेलं नाही. जे दडलं आहे ते गरजेपोटी दडलं आहे, आगीत गेलं आहे, लिलावात गेलं आहे, किंवा कुणी पाहू नये म्हणूनच बांधलेलं आहे. अशा गावाचं गाइड लिहायचं तर उत्तर देऊन भागत नाही. माणसाला नेमक्या जागी उभं करायचं आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम, हे मला हळूहळू उमगलं.

राजवाड्याच्या पानावरचं पहिलं वाक्य मी सात वेळा बदललं. आधी होतं, ‘मराठा, मुघल आणि फ्रेंच शैलींचा सुरेख संगम.’ हे पाटीवरचं वाक्य. ते वाचून कुणाची मान वर झालेली मी पाहिली नाही. शेवटी छापलं ते असं: ‘फाटकापासून चाळीस पावलं मागे या. मजले मोजा. तिसऱ्यावर थांबा.’ मजले सात आहेत. खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. एकदा तिसऱ्यावर नजर थांबली की दगड संपून लाकूड सुरू होतं ती जागा दिसते, आणि ‘असं का?’ हा प्रश्न वाचकाचा वाचकच विचारतो. पान उलटल्यावर दोन ओळींत उत्तर आहे: भारी ते खाली, हलकं ते वर. त्याखाली फक्त तीन सालं छापली आहेत, १८०१, १९०८, १९८४. राजवाडा या तीन वेळा पेटला. लाकडाचे चार मजले मोजून झालेल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. १८०१ ची आग शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर जाळलं तेव्हाची. ते वाचून पुण्याच्या एका काकांनी मला ‘मराठ्यांनीच?’ असं विचारलं होतं. होय काका, मराठ्यांनीच.

त्या ‘चाळीस पावलं मागे या’चं प्रायश्चित्तही मला घ्यावं लागलं. एक गृहस्थ पुस्तिकेबरहुकूम खरोखरच पाठमोरे मागे येत गेले आणि जांभळाच्या हातगाडीवर आदळले. चूक त्यांची नव्हे, माझ्या क्रियापदाची. दुसऱ्या आवृत्तीत ‘पाठ फिरवा, बागेपर्यंत चाला, मग वळा’ असं केलं. या लेखनात क्रियापद फार जपून वापरावं लागतं, कारण वाचक ते अमलात आणतो. कवीला ही जोखीम नसते.

डावं-उजवं हा दुसरा सापळा. होळकरांच्या कृष्णपुऱ्यातल्या समाधी-छत्र्यांवर बाहेरच्या भिंतींत सैनिक आहेत, दरबारी आहेत, वाजवणारे आहेत. त्यांतल्या एका वाजंत्र्यावर माझा जीव आहे. ‘उजवीकडचा’ लिहिलं तर उजवी कुणाची, पाहणाऱ्याची की मूर्तीची? निम्मे लोक भलत्याच मूर्तीपुढे उभे राहून माझ्या रसिकतेबद्दल शंका घेत असत. तेव्हापासून मी दिशा शब्दांत सांगत नाही, वस्तूंत सांगतो: नदीच्या बाजूला, पुलाच्या बाजूला. नदी जागची हलत नाही. तिला आम्ही जुने लोक खान म्हणतो, पाट्यांवर कान्ह लिहितात. पुस्तिकेत मी नुसतं ‘नदी’ ठेवलं आणि वाद मिटवला.

याच नदीकाठी होळकरांचा लालबाग राजवाडा आहे. दुसऱ्या तुकोजीरावांच्या काळात १८८६ मध्ये काम सुरू झालं, तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२१ मध्ये ते पुरं केलं. आत इटालियन संगमरवर, छतावर ग्रीक पुराणांतली मंडळी. फाटक बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून जहाजाने आणलेलं. नाचाच्या दालनाची लाकडी जमीन खाली स्प्रिंगा बसवून केलेली, पाऊल पडलं की किंचित उसळी देणारी. या जमिनीविषयी पहिल्या मसुद्यात मी जरा उत्साहाने लिहिलं होतं. वाचून माझा नातूच म्हणाला, ‘आजोबा, मग उड्या मारायच्या का?’ तो परिच्छेद मी तिथल्या तिथे खोडला. आता तिथे एवढंच आहे की इथे नाचणाऱ्यांचे पाय कमी दुखत.

माझा जीव मात्र लालबागेत त्या दालनात रमत नाही. या राजवाड्याचं स्वयंपाकघर राजवाड्यात नाहीच, नदीच्या पलीकडच्या काठावर आहे, आणि तिथून आत यायला भुयारी वाट आहे. धूर नको, फोडणीचा ठसका नको, भांड्यांचा आवाज नको, आणि वाढपी येता-जाताना दिसायलाही नकोत. टेबलावर गरम पदार्थ जणू आपोआप उगवला पाहिजे. हे मी भाचीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘मामा, हे अगदी आमच्याकडच्यासारखंच!’ फ्लोरिडातली डिस्नेची बाग १९७१ मध्ये उघडली. तिच्याखाली कामगारांसाठी बोगद्यांचं जाळं आहे. जमिनीत पाणी वरच लागतं, म्हणून बोगदे जमिनीच्या पातळीवर बांधले, त्यांच्यावर माती टाकली, आणि लोक हिंडतात ती बाग खरं तर दुसऱ्या मजल्यावर आहे. कचरा, कपडे, मुखवटा हातात घेतलेला माणूस, सगळं खालून जातं. होळकरांच्या स्वयंपाक्यांनी ही वाट त्याआधी पन्नास वर्षं तुडवली होती. भाचीच्या पुस्तकात लपवलेल्या मिकींना पानंच्या पानं होती. मी भुयाराला चार पानं दिली आणि नाचाच्या दालनाला एक. छापणाऱ्याने विचारलं, ‘उलटं झालं नाही ना?’ नाही, मुद्दामच केलंय.

लपवण्याच्या या कलेला उलट फिरवणारा एक माणूसही इंदुरात येऊन गेला, म्हणून त्यालाही खिशात जागा दिली. पॅट्रिक गेडीस, स्कॉटलंडचा नगररचनाकार. होळकर दरबाराने त्याला शहराचा आराखडा करायला बोलावलं होतं. त्याचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. गावात प्लेगाची धास्ती होती. त्याने महाराजांकडून एका दिवसाची सत्ता मागून घेतली आणि दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणुकीचा नेहमीचा मार्ग रद्द केला. ज्या रस्त्यांवरची घरं सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेली, त्या रस्त्यांवरून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. मग काय, गल्ल्यागल्ल्यांतून चुना निघाला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अक्राळविक्राळ उंदीर होता, आणि पांढरेशुभ्र कपडे घातलेले, हार घातलेले सफाई कामगार होते. ज्यांना एरवी पहाटेच्या अंधारात काम उरकावं लागे, ते त्या दिवशी गावाच्या मधोमध चालले. हे १९१७ सालचं. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर हा मान इंदूरला पहिल्यांदा मिळाला तो २०१७ मध्ये. ही दोन सालं मी पुस्तिकेत समोरासमोरच्या पानांवर ठेवली आहेत, मध्ये एक शब्दही लिहिलेला नाही.

माणिकबागेच्या पानाने मला सर्वांत जास्त छळलं. यशवंतराव होळकरांनी एका तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडून, एकार्ट मुथेसिउसकडून, १९३० ते १९३३ च्या दरम्यान हा राजवाडा करून घेतला. अंगातच दिवा बसवलेल्या लाल आरामखुर्च्या, काचेचे पलंग, दाराच्या मुठींपर्यंत सगळं नव्या घडणीचं. शिल्पकार ब्रांकुसीचे पक्षीही महाराजांनी घेतले होते. त्या पक्ष्यांसाठी ब्रांकुसीकडूनच ध्यानमंदिर बांधून घ्यायचं होतं, ते झालंच नाही. १९८० मध्ये सामानाचा लिलाव मोनॅकोत झाला. वास्तूत आता केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय आहे. म्हणजे वाचकाला आत जाता येत नाही, आणि गेला तरी खुर्ची तिथे नाही. अशा जागी त्याला उभं करून काय सांगायचं? पान गाळायचं ठरवलं होतं. शेवटी खुर्चीचं एक रेखाटन काढलं, आणि खाली लिहिलं की ही इथे होती.

हे धाडस मला एका माणसाकडून मिळालं, त्याचं नाव घेतल्याशिवाय लेख संपवणं बरं नाही. विष्णू चिंचाळकर गुरुजी. इंदुरात ज्याने रंगांची पेटी उघडली त्याला हे नाव ठाऊक असतं. वाळकी पानं, मुळ्या, बिया, फेकून दिलेल्या मोडक्या वस्तू, त्यांत त्यांना माणसं आणि पाखरं दिसत. वस्तूला ते फारसं काही करत नसत. अमुक बाजूने धरत, आणि पाहणाऱ्याला दिसायचं. मुळी तीच. फक्त कुठून पाहायचं ते बदललेलं. माझी सगळी पुस्तिका म्हणजे त्या धरण्याची बरीच कच्ची नक्कल आहे.

दुसरी आवृत्ती संपत आली आहे, तिसरीची जुळवाजुळव चालू आहे. शेवटची दोन पानं कोरी आहेत. बत्तीस पानांच्या दोन फर्म्यांत मजकूर संपून ती उरली आणि मी भरली नाहीत. कुणी राजवाड्यासमोर पुस्तिका हातात घेऊन उभं असेल आणि मी न पाहिलेलं काही दिसलं, तर तिथेच लिहा आणि मला दाखवा. पेन्सिलने लिहा, त्या कागदावर शाई पसरते.