हंगेरीचा शोरबा, कोल्हापूरची मिरची

रमजानमध्ये घरातल्या बाईचा सर्वांत मोलाचा वेळ कोणता, असे कोणी विचारले तर आम्ही असर ते मगरिब असे सांगू. दुआ मागण्याची ही वेळ, आणि नेमकी याच वेळी ती गॅससमोर घामाघूम उभी असते. रोजा सर्वांचा सारखा. इफ्तारचा स्वयंपाक मात्र तिच्या एकटीचा. गेल्या दोन रमजानपासून आम्हा दोघी जावांना हा वेळ परत मिळाला आहे. त्याला कारण विजेचा स्लो कुकर आणि त्यात शिजणारे एक परदेशी सालन, हंगेरियन गुलाश.

हंगेरीत याला गुयाश म्हणतात, म्हणजे गुराखी. माळावर गुरे राखणारे लोक कढईत मांस, कांदा आणि पाणी घालून मंद आगीवर ठेवून देत. त्याला लाल रंग आला तो मिरचीमुळे. मिरची मूळची अमेरिकेची. आपल्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली, तर हंगेरीत ती तुर्कांच्या काळात रुजली. बुडा शहरावर 1541 ते 1686 तुर्कांची सत्ता होती. गुल बाबा या दरवेशाची मजार आजही बुडापेस्टमध्ये आहे. तिथली पाप्रिका रंगाला गडद, तिखटाला बेताची. आपली ब्याडगी तिच्याच स्वभावाची. म्हणून आम्ही पाप्रिकाच्या डब्यावर पैसे घालवत नाही. चटणीसाठी आणलेल्या ब्याडगीतली मूठभर बाजूला काढून, देठ आणि बिया काढून दळतो. संकेश्वरी मात्र यात घालू नये. तिच्या तिखटापुढे कांद्याचा गोडवा उरत नाही.

मूळ पाककृतीत गोमांस असते. महाराष्ट्रात मार्च 2015 पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. आम्ही बकऱ्याचे मटण घेतो, तेही मानेचे आणि नळीजवळचे. हे चिवट मांस मंद आचेवर मऊ होते आणि रश्श्याला दाटपणा देते. हंगेरीत फोडणी बहुधा डुकराच्या चरबीत होते आणि काही पाककृतींत दारूही ओततात. शिजवल्यावर दारू उडून जाते, ही सबब आपल्याला चालणार नाही. तेल किंवा तूप घ्यावे, आंबटपणाला टोमॅटो पुरतो.

एक किलो मटणाला चार मोठे कांदे. कांदा तेलात गुलाबी करून गॅस बंद करावा आणि मगच तीन मोठे चमचे ब्याडगी पूड घालावी. तापल्या तेलात ती करपून कडू होते. त्यात मटण, लसूण, मोजून मीठ, तमालपत्र आणि चमचाभर शहाजिरे घालून परतावे. खोबरे नाही, गरम मसाला नाही. भांड्याच्या तळाशी बटाटे आणि गाजर, कारण या भांड्यात कंदभाज्या मांसापेक्षा उशिरा शिजतात. वर मटण, टोमॅटो आणि दोन वाट्या गरम पाणी. वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी कमीच लागते. सकाळी दहाला 'लो'वर लावले की सहापर्यंत तयार. ढबू मिरची शेवटच्या तासाला घालावी. मधे झाकण उघडू नये. बर्फात गोठलेले मटण तसेच टाकू नये, आणि वीज बराच वेळ गेली तर सरळ गॅसवर उकळावे. आमचे भांडे 210 वॅटचे आहे. आठ तासांत दोन युनिटही जळत नाहीत.

यात नवे काही नाही, असे आमच्या सासूबाई म्हणतात. त्यांच्या लहानपणी चुलीच्या वैलावर नळ्या अशाच तासन्‌तास शिजत. पण तेव्हा चुलीपाशी कोणीतरी बसून असे, आणि ते कोणीतरी म्हणजे बाईच.

भांडे आले तेव्हा नात्यातल्या एक बुजुर्ग म्हणाल्या, ''बायका बसून राहिल्या तर घरात बरकत कशी राहणार?'' आम्ही उलट बोललो नाही. हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत त्यांना वाचून दाखवली. प्रेषित मुहम्मद (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. त्या गप्प झाल्या. जवळ बसलेल्या दिरांनी मात्र ते ऐकले. आता चार कांदे चिरण्याचे काम पुरुषांकडे आहे, फज्रच्या नमाजनंतर. डोळे पुसत पुसत का होईना, ते होते.

असरनंतर आम्ही दोघी कुरआन घेऊन बसतो. सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे; त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. मुलीही येऊन बसतात. अर्धा पारा तरी होतो.

शोरबा शिजवताना पाणी वाढवावे आणि शेजाऱ्याला द्यावे, अशी हदीस आहे. म्हणून सहाला झाकण उघडले की आणखी दोन वाट्या उकळते पाणी घालतो आणि पहिला डबा शेजारी जातो. डबा परत येतो तेव्हा त्यात कधी खजूर असतात, कधी कलिंगडाच्या फोडी.