आईच्या स्वेटरवरचा समुद्र

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा शाळेचा निरोप आला, तेव्हा आईचा स्वेटर नुकताच पुरा झाला होता. विणकाम मी आपल्या वसतिगृहातच शिकले. म्हणून त्याविषयीच लिहिते.

भूगोलाच्या तासाला आपण शिकलो होतो की वाशिम जिल्ह्यातला पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरात जाते. काटेपूर्णेचे पूर्णा आणि तापीच्या वाटेने अरबी समुद्रात. मी मात्र समुद्र चित्रकलेच्या वहीतच पाहिला, निळ्या खडूने रंगवलेला.

आईने तो प्रत्यक्ष पाहिला होता. दरवर्षी 6 डिसेंबरच्या आधी ती वस्तीतील बायांबरोबर अकोल्याहून दादरची गाडी धरी. चैत्यभूमीस वंदन करून परतताना शिवाजी पार्कातील दुकानांतून माझ्यासाठी एक पुस्तक आणी. तिला स्वतःला वाचता येत नव्हते. वसतिगृहात भेटावयास आली की पिशवीतून ते पुस्तक निघे. मी ते घेऊन वाचावयास बसे. समुद्र कसा होता, हे तिला कधी विचारले नाही.

आता गुडघ्यांमुळे तिचे जाणे थांबले आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्यासाठी स्वेटर विणावयास घेतला आणि त्यावर समुद्र उतरवावयाचे ठरवले. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या शेटलंड बेटांवरील एक जुनी वीण निवडली. तिच्यात 18 टाक्यांची एक लाट होते. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट. तिसरीत तीनदा दोन टाक्यांचा एक करावयाचा, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, आणि पुन्हा तीनदा दोन टाक्यांचा एक. सहा टाके घटतात, सहा वाढतात. संख्या 18 च राहते, पण ओळ लाटेसारखी वाकते. चौथी ओळही सुलटच. तिने वर एक उंचवटा उमटतो. सहा लाटांचे 108 टाके आणि शिवणीसाठी कडांना एकेक, असे 110 टाके घातले. लोकर अर्थातच निळी, मध्ये फेसाच्या पांढऱ्या रेघा.

वीतभर विणून झाल्यावर आईला दाखवले. तिने ते मांडीवर पसरून पाहिले.

“असा निया कुठं असते समुद्र? पुराच्या पान्यावानी असते.” मग पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, “अन् हे पांढरं एवढंसंच? काठावर सारं पांढरंच दिसे. आमच्या लुगड्यायचं.”

वसतिगृहातील ताई सांगत, चुकलेले उसवण्याची लाज धरू नये; चुकीवर पुढे विणत जाण्याची धरावी. ते वीतभर विणकाम मी उसवले. नंतर रोज संध्याकाळी आईजवळ बसून विचारत गेले आणि विणत गेले. खाली चार बोटे रुंद पांढरा काठ घेतला. त्यावर मातकट रंगाच्या दाट लाटा, त्यापुढे राखी. वर जाताना लाटांमधले अंतर वाढवत नेले. खांदे साधे राखी ठेवले, कारण सकाळी तिथे पाणी आणि आभाळ वेगळे ओळखू येत नाही, असे तिने सांगितले. एवढ्या वर्षांत न विचारलेले सारे त्या काही आठवड्यांत कळले: रात्रभर उभ्याने केलेला प्रवास, रांगेत गेलेले तास, आणि पुस्तकासाठी बाजूला बांधून ठेवलेले पैसे.

यंदाच्या 6 डिसेंबरला सकाळी आई पांढऱ्या लुगड्यावर तो स्वेटर घालून गावातल्या विहारात आली. वंदना झाल्यावर शेजारणीला काठ दाखवत म्हणाली, “इथं उभ्या राहो आम्ही.”

पुढच्या वर्षी मी जाणार आहे. विणलेला समुद्र खऱ्याशी ताडून पाहावयाचा आहे. आणि परतताना एक पुस्तक आणावयाचे आहे, आईला वाचून दाखवण्यासाठी.