चादरींच्या गावातली वाकळ

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते. आठवावीच. २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा देशातल्या अगदी पहिल्या काही वस्तूंत सोलापुरी चादर होती. पण माझ्या लहानपणी ज्या घरांतली माणसं पाळी करून चादरी विणत होती, त्या घरांत रात्री अंथरुणाच्या वळकटीतून निघायची ती वाकळ, म्हणजे गोधडी. कोरी चादर पाहुण्यांसाठी आणि आहेरासाठी ट्रंकेत जपलेली. शेजारच्या कानडी घरात वाकळेला कौदी म्हणत, पूर्व भागातल्या पद्मशाली मैत्रिणीकडे बोंता. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतली थंडी मात्र तिघींच्या घरांत सारखीच शिरायची.

१८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम मिल. या गिरण्यांच्या भोंग्यांवर गावाचा दिवस चालायचा. दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून झाली की आमच्या वाड्याच्या चौकात बायका जमायच्या. सतरंजी अंथरून तिच्यावर अस्तराचं लुगडं ताणायचं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. वर विरलेल्या धोतरांचे थर. आणि फाटून गेलेली जुनी चादर असली तर ती हमखास या थरांत जायची. गावाचं नाव जगभर नेणारी चादर शेवटी वाकळेच्या पोटात विसावायची, हे मला आजही फार मोलाचं वाटतं. सर्वांत वर लुगड्यांचे तुकडे, बहुतेक इरकली. त्यांचे लाल पदर, गोमीचे काठ.

शिवायला बाहेरच्या कडेने सुरुवात व्हायची. चार कोपऱ्यांवर चौघी. धावदोरा घालत, कडेला समांतर, एकेक फेरा आत सरकत जायचा आणि दोन-चार दिवसांनी चौघींचे गुडघे मध्यावर एकमेकींना लागायचे. दोरा विकतचा नसे. घरोघरी कांड्या भरायचं काम चाले, त्यातलं उरलेलं सूत मांडीवर पीळ देऊन वापरायचं. वाकळ आतून खडबडीत लागते ती या सुतामुळे, आणि धुऊन धुऊन तीच अंगाला लोण्यासारखी मऊ होते.

नक्षी कुणी कागदावर काढली नव्हती. तरी कुठला तुकडा कुठे, यावर अर्धी दुपार जायची. माझी आत्या याबाबत कुणाचं ऐकत नसे. लालाशेजारी लगेच हिरवा ठेवला की ती तो तुकडा उचलून घ्यायची. “दोघं भांडत्यात. मधी पिवळी पट्टी घाल,” म्हणायची. पदराचा लाल चौकोन ती कधीच बरोबर मध्यभागी लावत नसे, जरा बाजूला सरकवायची. मध्यावर लावलेल्या लालापाशी नजर थांबून राहते, पुढे फिरत नाही, हे मला फार उशिरा, चित्रांची पुस्तकं पाहायला लागल्यावर कळलं. आत्या शाळेत गेली नव्हती. तिला रंग मांडायला मिळालेली जागा एवढीच, सहा हात बाय चार हातांची, आणि ती तिने पुरेपूर वापरली. शेवटचा टाका घालण्याआधी मध्यभागी भाकरीचा तुकडा आणि साखरेचे चार दाणे आत सरकवले जायचे. वाकळेचं पोट रिकामं ठेवायचं नाही.

घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा सीना नदीवर जायच्या. ओली वाकळ एका माणसाला उचलत नसे.

हे सगळं कधी थांबलं? लोक ब्लँकेटचं नाव घेतात. मला कारणं दुसरीच दिसतात. नायलॉनच्या साड्या आल्या. त्या घसरतात, घाम शोषत नाहीत आणि विरत नाहीत, म्हणून त्यांची वाकळ होत नाही. त्या बोहारणीच्या टोपलीत गेल्या आणि घरात स्टीलची पातेली आली. मग गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पुरुषांची पाळी गेली तशी घर चालवायची जबाबदारी बायकांच्या विड्यांवर आली. हजारावर मोजून मजुरी देणाऱ्या त्या कामाने चौकातली दुपार संपवली. वाकळेला लागतो तो रिकामा वेळ, आणि तोच आधी संपला.

आता ती परत येते आहे, दुसऱ्याच वाटेने. माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीत असते. तिथल्या बायकांच्या मंडळात ती क्विल्ट शिवते. पहिल्या दिवशी तिने सांगितलं की आमच्याकडे कडेने सुरुवात करून आत येतात, तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्या उठून जवळ आल्या. त्यांच्याकडे बहुतेक मध्यापासून बाहेर जातात. तिच्यामुळे मी या जगात डोकावले. अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायका शेतात झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे क्विल्ट शिवत. त्या भागातल्या बायकांनी १९६६ मध्ये सहकारी संस्था काढली, २००२ मध्ये त्यांचे क्विल्ट न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागले आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटांवर आले. आमच्या शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात. तीही कडेने आत जाणारी. तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेली त्रिकोणी ‘फुलं’ असतात. तीही न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. आपल्या गोधड्यांवर मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं, तेव्हा ते छापलं फ्रान्समधल्या क्विल्टच्या प्रकाशकांनी.

चार कोपऱ्यांवर बसणाऱ्या चौघींचा गट आता असा पसरला आहे. फोनवर फोटो येतात, कोपरा कसा वळवायचा ते दाखवणारे हात दिसतात, त्या हातांचा देशही पुष्कळदा कळत नाही. यात गुडघ्याला गुडघा लागत नाही, हे मला जाणवतं. पण आत्याच्या मांडणीकडे “बाईचं रिकामपणचं काम” म्हणून पाहणाऱ्या माझ्या गावापेक्षा, तीच मांडणी थांबून पाहणारे हे परके लोक मला जवळचे वाटतात.

त्यांच्याकडची एक रीत आपण उचलावी असं मला मनापासून वाटतं. त्या बायका क्विल्टच्या मागच्या बाजूला कापडी पट्टी शिवतात: शिवणारीचं नाव, गाव, साल. आपल्या हजारो वाकळांवर एकही नाव नाही. आज शहरातल्या दुकानांत गोधडी चांगल्या भावाने विकली जाते, आणि तिच्यावर नाव असतं ते दुकानाचं. खेड्यातल्या ज्या बाईने आठवडाभर पाठ वाकवून ती शिवली, तिला मजुरी मिळते, नाव नाही. भाव करताना निदान तेवढं तरी मागावं.

आत्याची शेवटची वाकळ भाचीने मागितली, तेव्हा मी मागे खादीची पट्टी लावून आत्याचं नाव, सोलापूर आणि साल लाल दोऱ्याने टाचलं. आत्याची नजर आता अधू आहे. तिने बोटांनी अक्षरं चाचपली आणि पार्सलाचं वजन ऐकून घेतलं. मग विचारलं, “तिकडं वाळवायला ऊन पडतं का गं? नसंल तर तिला सांग, वर्षातनं एकदाच धू. उन्हाळ्यात.”