बेंच ड्रिल: घेण्याआधीची टिपणे

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीत ड्रिल मशीनची चौकशी केली की पहिला आकडा ऐकू येतो तो '१३ एमएम'चा. चकमध्ये १३ मिमीपर्यंतचं बिट मावतं, हे त्यावरून कळलं. लोखंडात तेवढं होल मशीन सुखाने मारेल की कण्हत, ते मोटर, बेल्ट आणि बिडाचं वजन ठरवणार.

*

दुकानातली पहिली परीक्षा फुकटची. हँडल ओढून स्पिंडल पूर्ण खाली आणायचं, चक मुठीत धरायचा आणि आडवा हलवायचा. वर असताना सगळीच मशीन घट्ट वाटतात. खाली आल्यावर टकटक हाताला लागली तर ते मशीन सोडून पुढचं बघावं. एचपी नंतर वाढवता येते. खिळखिळं अंग नंतर आवळता येत नाही.

*

दुसरी परीक्षा टेबलाची. सायकलचा स्पोक दोनदा वाकवून चकमध्ये धरायचा, टोक टेबलाला जेमतेम टेकेल असं. मग चक हाताने सावकाश फिरवायचा. टोक डावीकडे घासतंय आणि उजवीकडे अधांतरी, तर टेबलाखालचा बोल्ट ढिला करून जुळवता येतं. पुढे-मागे फरक असेल तर मात्र पत्र्याच्या चकत्या घालत बसावं लागतं.

*

स्वस्त मशीन घेताना सगळ्यात जास्त वेग बघू नये, सगळ्यात कमी बघावा. साध्या लोखंडात हायस्पीड स्टीलचं बिट मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने कापतं असं धरलं, तर ३ मिमी बिटाला सुमारे २६५० फेरे हवेत, १० मिमीला ८०० आणि २५ मिमीच्या होल सॉला जेमतेम ३२०. जाडं बिट निळं पडलं की लोक बिटाला शिव्या घालतात. बऱ्याचदा बेल्ट चुकीच्या पुलीवर असतो.

*

भोसरीच्या एखाद्या गाळ्यातून निघालेलं जुनं मशीन मिळालं तर बीड दणकट, भावही बरा. अडचण एवढीच की मोटर बहुधा थ्री फेज आणि आपल्या फ्लॅटमध्ये सिंगल फेज. अर्धा एचपी, १४४० आरपीएमची सिंगल फेज मोटर बदलून घ्यावी. जुनी मोटर डेल्टा जोडणीत २३० व्होल्टवर चालणारी असेल, तर सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह लावावा. वेगही कमी-जास्त करता येतो.

*

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. तिथे मशीन शोधू नये. चालवून बघायला प्लग कुठून आणणार? व्हाइस शोधावा. जबडे समांतर मिटतात का आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत का, ते उभ्या उभ्या कळतं.

*

मशीन वरून जड असतं, म्हणून बाकाला बोल्टने बांधावं. हातमोजे घालू नयेत. पत्रा हाताने धरू नये. आरपार होताना बिट तो पकडतं आणि पातं फिरावं तसा फिरवतं.

*

लेझरची लाल फुली दाखवणारं मॉडेल की साधं मशीन आणि चांगला व्हाइस, असा प्रश्न पडला तर व्हाइस घ्यावा. होल कुठे मारायचं ते सेंटर पंचच्या खड्ड्यात बिटाला आपोआप सापडतं.