उन्हाळ्यात मुलीला कुठे पाठवावं?

लेक अकरावीत आहे, तिला इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकायचंय. उन्हाळी वर्गांची माहितीपत्रकं घेऊन आज रात्री दोघी बसलो. बऱ्याच पत्रकांवर ऑक्सफर्डचे मनोरे. तळाचा बारीक मजकूर वाचला की कळतं, संस्था खासगी. कॉलेजची इमारत तेवढी भाड्याने घेतलेली. फी मात्र लाखांत.

जीव गुंतला तो अमेरिकेतल्या टेल्युराइड असोसिएशनच्या उपक्रमात. 1954 साली सुरू झालेला. शिकवणं, राहणं, जेवण सगळं विनामूल्य. गुण नाहीत, श्रेणी नाही. मोजकी मुलं टेबलाभोवती बसून वाचलेल्या मजकुरावर वाद घालतात, एकत्र राहण्याचे नियमही आपापसात ठरवतात. प्रवेशाची भिस्त निबंधांवर. निवड होणं अवघड आहे, पण ते निबंध लिहिताना ती जो विचार करेल, तोही मला हवाच आहे. सोळा-सतराव्या वर्षी ‘हे तू कशावरून म्हणतेस?’ असं आस्थेने विचारणारं कुणी भेटायलाच हवं. आपल्याकडच्या शिकवण्यांत त्याला जागाच उरलेली नाही, याचं फार वाईट वाटतं.

पालकांनो, नावाला भुलण्याआधी वाचनाची यादी मागा, एका वर्गात मुलं किती ते विचारा. यादी द्यायला जे खळखळ करतील, त्यांच्याकडे पैसे भरू नका.