स्लोला मरणारी सुबारू

डिमोनातल्या एका आजोबांजवळ १९८७ सालची सुबारू आहे. अरब बहिष्काराला भिऊन जपानच्या मोठ्या कंपन्या इस्रायलला गाड्या विकत नव्हत्या, तेव्हा सुबारूने विकल्या. त्यामुळे एके काळी इथल्या प्रत्येक गल्लीत तीच उभी दिसे. आता क्वचित दिसते. आजोबांची गाडी बेर-शेवापर्यंतचा रस्ता मजेत कापी, पण शहरात शिरून पहिल्या लाल दिव्याला थांबली की दोन-चार आचके देई आणि बंद पडे. मुंबईच्या मेकॅनिकांच्या भाषेत, गाडी स्लोला मरत होती.

स्लो म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनाने आपले आपण फिरत राहणे. अशा गाड्यांत हे मिनिटाला साधारण ७०० ते ८०० फेरे असतात. गाडी पळत असते तेव्हा हवा आणि पेट्रोल दोन्ही भरपूर येतात आणि लहानसहान खोट झाकली जाते. उभ्या गाडीत मात्र कार्बोरेटरचे दार जवळजवळ बंद असते आणि पेट्रोल सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येते. भरल्या पंगतीत एक पाहुणा वाढला तर कळत नाही, दोघांपुरत्या भातात लगेच कळतो. तसेच हे.

गाडी आधी एका मुसाखमध्ये दाखवली होती. तिथल्या मुलाने स्लोचा स्क्रू पिळून फेरे वाढवून दिले आणि पैसे घेतले. महिनाभर बरे चालले. पेट्रोल जास्त जाऊ लागले, पहिला गिअर टाकताना गाडी उडी मारू लागली, आणि मग पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला त्याने सांगितले की कार्बोरेटर गेला, पार्ट मिळत नाही, भंगारात द्या. रविवारी गाडीची टेस्ट होती. ताप आलेल्या पोराला गोधडीत गुंडाळले म्हणजे ताप गेला असे होत नाही. स्क्रू पिळणे हे गोधडीचेच काम. पण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

आजोबांनी तरुणपणी भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये फियाट दुरुस्त केल्या होत्या. शनवार तेल्यांच्या घरात हाताला तेल लागणे काही नवे नाही! तेव्हा गाडी फाटकातून आत येतानाच आवाजावरून ते तिचे दुखणे सांगत. आता सत्त्याहत्तराव्या वर्षी त्यांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे त्यांनी घरात कोणाला सांगितले नव्हते. म्हणूनच गाडी मुसाखमध्ये गेली होती, हेही कोणाला ठाऊक नव्हते.

गुरुवारी सोळा वर्षांची नात बॉनेटजवळ येऊन उभी राहिली. आजोबांनी विचारले, "आवाज कसला येतो गं?"

"सबा, आवाज म्हणजे आवाज. तुला येत नाही का?"

हिब्रूत अहो-जाहो नाही, म्हणून इथली मुले आजोबांना तूच म्हणतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. आजोबा क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "नाही येत."

मग त्यांनी तिला शब्द दिले. टकटक आली तर व्हॉल्व बघायचे. खडखड आली तर सायलेन्सरचा पत्रा सुटला असेल. धप-धप चालता चालता एक ठोका गळला तर एक सिलिंडर मिस करतो आहे. फुस्स किंवा बारीक शीळ आली तर इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढते आहे. पोरीने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "फुस्स. पण फार बारीक."

तरी त्यांनी पाना लगेच उचलला नाही. आधी विचारले, थंड असताना मरते की गरम झाल्यावर? गरम झाल्यावर. थंड इंजिनाला चोक जादा पेट्रोल देतो आणि फेरेही वाढवतो, म्हणून खोट लपते. मग चारही प्लग काढले. चारही सारखेच, पांढुरके. एकच काळा असता तर त्या सिलिंडरकडे वळायचे. सगळेच पांढुरके, म्हणजे सगळ्यांनाच पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. खात्रीसाठी इंजिन चालू असताना चोकची पाती बोटाने अर्धी झाकली, तर आचके थांबले. निदान पक्के झाले. (हे सारे उघड्यावर करावे, बंद गॅरेजमध्ये धूर जीव घेतो. केस बांधून ठेवावेत. आणि चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधणाऱ्याच्या जवळ उभे राहू नये.)

आता हवा शोधायची. नेगेवच्या उन्हात रबर लाकडासारखे होते. नात पक्कडीने एकेक नळी दाबत गेली. ब्रेकची जाड नळी दाबली, काही फरक नाही. एअर फिल्टरखालची एक करंगळीएवढी नळी दाबली आणि इंजिन सावरले. टोकाला उभी चीर होती. नवी नळी बसवली, फुस्स गेली, आणि दहा मिनिटांनी गाडी पुन्हा बंद पडली.

नात रडकुंडीला आली. आजोबांना नवल वाटले नाही. जुन्या गाडीला एकच दुखणे असेल असे धरून चालणाराच फसतो. या कार्बोरेटरवर विजेचा एक छोटा व्हॉल्व असतो. चावी फिरवली की तो टक् करून स्लोच्या पेट्रोलची वाट उघडतो, चावी काढली की बंद करतो. त्याला वीज मिळाली नाही तर पळताना गाडी ठीक, उभी राहिली की उपाशी.

"चावी फिरवतो. टक् येते का ऐक."

तीनदा फिरवली. दोनदा टक् आली, एकदा नाही. वायरीच्या टोकाला हिरवा गंज चढला होता. तो घासून काढला, टोक दाबून घट्ट केले. मग दहाही वेळा टक् आली. व्हॉल्व उघडत नसला तरी मुख्य दार जरा उघडे राहिले की दुसऱ्या वाटेने पेट्रोल मिळते. मुसाखवाल्याच्या स्क्रूने महिनाभर काम भागले ते यामुळेच.

शुक्रवारी, शब्बाथ लागायच्या आत, पिळलेला स्क्रू सर्वांत शेवटी मागे आणला. मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत नात ऐकत होती. आजोबा मागे सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरून उभे होते. हवेचा ठोका हाताला एकसारखा लागू लागला तेव्हा त्यांनी दुसरा हात वर केला. पोरीनेही नेमका तेव्हाच स्क्रू सोडला होता.

रविवारी टेस्ट झाली. सोमवारी नात आजोबांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्याच गाडीतून, आणि वाटेतल्या प्रत्येक लाल दिव्याला रेडिओ बंद करीत होती.