पैसे फोटोचे नव्हेत, जबाबदारीचे

"आता फोन सगळ्यांकडेच आहेत, मग फोटोग्राफरला एवढे पैसे कशाला?" लग्नाच्या बैठकीत हा प्रश्न तुम्ही ऐकला असेल. कदाचित विचारलाही असेल. प्रश्नात चूक काही नाही. आजचे फोन खरंच छान फोटो काढतात. तरीही फोटोग्राफीवर घर चालवणारी माणसं आपल्या आसपास आहेत आणि दरवर्षी नवी मुलंमुली या कामात उतरतात. त्यातली काही टिकतात, काही कॅमेरा विकून पुन्हा नोकरी शोधतात. हा फरक कशानं पडतो, ते गेली तीन वर्षं मी जवळून बघते आहे.

मी कंटेंट रायटर. बेंगळुरूच्या बनशंकरी भागात राहते. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, इथेच लग्नाचे फोटो काढतो. आमच्यात साधी वाटणी आहे. फोटो त्याचे, शब्द माझे. त्याची कोटेशन्स, करारपत्रं, वेबसाइटवरचा मजकूर मी लिहिते आणि मुहूर्ताच्या दिवसांत माणूस कमी पडला, तर दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅग धरायलाही जाते. त्यामुळे हा धंदा मला समोरून कमी आणि मागच्या बाजूनं जास्त दिसतो.

बनशंकरी म्हटलं की लोकांना देवीचं देऊळ आठवतं. मंगळवारी, शुक्रवारी राहुकाळात लिंबाच्या सालीत दिवे लावायला इथे रांगा लागतात. पण आमच्यासाठी हा भाग म्हणजे कल्याण मंटप, म्हणजेच मंगल कार्यालयं. मुहूर्त पहाटेचा असेल, तर दादा साडेतीनला उठतो. आदल्या संध्याकाळी रिसेप्शन उरकून रात्री बाराला झोपलेला माणूस पहाटे पाचला मंटपात हजर असतो. कारण हार आणि जेवण थोडं उशिरा आलं तरी चालतं, फोटोग्राफर उशिरा येऊन चालत नाही.

कन्नड लग्नात काशीयात्रा असते. नवरा मुलगा छत्री-काठी घेऊन काशीला निघतो आणि मुलीकडचे त्याला समजावून परत आणतात. मुहूर्ताला अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. आपल्याकडे त्याच क्षणी मंगलाष्टकं संपून अक्षता उडतात. हा सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. त्याच वेळी पन्नास पाहुणे फोन वर करून मध्ये येतात. त्यातल्या एखाद्याचा फोटो दादाच्या फोटोहून सरस येऊही शकतो. पण तो नाही आला, तर त्या पाहुण्याला कोणी जाब विचारणार नाही. दादाला विचारतील. पैसे घेतात ते या 'विचारतील'चे. फोटो चांगला येणं ही कला झाली. तो यायलाच हवा ही जबाबदारी झाली. करिअर उभं राहतं ते दुसऱ्या गोष्टीवर, असं मला आता पक्कं वाटतं.

दादानं हे काम धरलं, तेव्हा घरात गोडीगुलाबी नव्हती. तो इथे एका कंपनीत टेक्निकल सपोर्टमध्ये होता. रात्रपाळी होती, पण पगार वेळेवर. शनिवार-रविवारी तो एका जुन्या स्टुडिओवाल्याबरोबर लाइट धरायला जायचा. एके दिवशी त्यानं बेळगावला फोन करून सांगितलं, की नोकरी सोडतोय. मावशी रडली. काका सहकारी बँकेत आयुष्य घालवलेले. त्यांनी रडारड केली नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "हिशेब घेऊन ये. मग बोलू."

सुट्टीत दादा गेला, मीही बरोबर होते. काकांनी जुनी डायरी काढली आणि बँकेत कर्जासाठी आलेल्या माणसाला विचारावं तसे प्रश्न सुरू केले. तो कागद आजही दादाच्या टेबलावर आहे. त्यातला हिशेब इथे देते, कारण ज्यांच्या घरी असा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांना उपयोगी पडेल.

समजा, एका लग्नाचे ४०,००० रुपये घेतले. बरोबरच्या फोटोग्राफरचे ६,०००, अल्बमचे ९,०००, प्रवास आणि खाणंपिणं २,०००. राहिले २३,०००. इथे दादा थांबला होता. काका म्हणाले, "आणि कॅमेऱ्याची झीज?" दोन कॅमेरे, लेन्स, फ्लॅश, कॉम्प्युटर मिळून ३ लाखांचं सामान धरा. ते चार वर्षं टिकलं, तर वर्षाला ७५,००० रुपये झिजले. वर्षाला २५ कामं मिळाली, तर प्रत्येक कामामागे ३,००० गेले. हातात उरले २०,०००.

पुढचा प्रश्न दिवसांचा होता. लग्न दोन दिवसांचं. पण हजारो फोटोंतून निवड करायची, रंग नीट करायचे, अल्बम लावायचा, यात सहा दिवस जातात. भेटीगाठी आणि फोनचा एक दिवस धरा. म्हणजे नऊ दिवसांचे २०,००० रुपये. २५ लग्नं केली, तर २२५ दिवस काम आणि वर्षाला ५ लाख रुपये. "वाईट नाही," काका म्हणाले, "पण २५ लग्नं पहिल्या वर्षी तुला कोण देणार?"

या प्रश्नाचं उत्तर दादाकडे नव्हतं, पण त्यातूनच मार्ग निघाला. काकांनी अट घातली की वर्षभराचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही. दादाला त्याला चौदा महिने लागले. त्या काळात त्यानं सुट्टीच्या दिवशी बारशी, मुंजी, वाढदिवस केले. लग्नाला लागणारा हात त्याच्याकडे आला तो तिथून.

मोठ्या फोटोग्राफरांच्या गोष्टी वाचताना मला या अटीचं शहाणपण पुन्हा पुन्हा दिसलं. गौतम राजाध्यक्षांचं नाव कुठल्या मराठी घराला माहीत नाही? चेहऱ्यांचा हा जादूगार १९७४ मध्ये लिंटास या जाहिरात कंपनीच्या फोटो विभागात नोकरीला लागला. १९८० च्या सुमारास चित्रपट कलाकारांचे फोटो काढू लागल्यावरही त्यांची नोकरी चालू होती. पूर्ण वेळ स्वतःचं काम त्यांनी सुरू केलं ते १९८७ मध्ये. म्हणजे नाव होऊ लागल्यावरही काही वर्षं ते थांबले होते.

आमच्या कर्नाटकातलं उदाहरण म्हणजे म्हैसूरचे टी. एस. सत्यन. १९४८ मध्ये ते बेंगळुरूच्या 'डेक्कन हेराल्ड'मध्ये फोटोग्राफर झाले, पुढे स्वतंत्रपणे काम करू लागले. 'लाइफ', 'टाइम'सारख्या मासिकांत त्यांचे फोटो छापून आले आणि १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अलीकडचे बघायचे तर बेंगळुरूचे कल्याण वर्मा. याहू कंपनीतले इंजिनिअर, पण नोकरी सोडून जंगलात रमले. २०१९ च्या 'वाइल्ड कर्नाटक' या माहितीपटाचे ते एक दिग्दर्शक. तिघांची वाट वेगळी, पण तिघांनीही आधी कुठेतरी नोकरी केली होती.

शिकायचं कुठे, हाही पालकांचा प्रश्न असतो. मुंबईच्या जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफी शिकवतात. उटीजवळची लाइट अँड लाइफ अकॅडमी २००१ पासून फक्त फोटोग्राफीच शिकवते. एन.आय.डी.च्या गांधीनगर केंद्रात यातलं पदव्युत्तर शिक्षण मिळतं. ज्यांना हे परवडत नाही, त्यांच्यासाठी दादासारखी उमेदवारी आहेच. कोणाच्या तरी हाताखाली वर्षभर लाइट धरायचा. कॅमेऱ्याची बटणं यूट्यूबवर कळतात, पण रुसलेल्या वरमाईला हसवून फोटोत कसं आणायचं, ते मंटपातच कळतं.

दुसऱ्या वर्षी जे घडलं, त्यानं मात्र आम्हा दोघांना कायदा वाचायला लावला. साड्यांच्या एका दुकानानं दादाकडून कॅटलॉगचे फोटो काढून घेतले. पैसे वेळेवर मिळाले, व्यवहार संपला. सहा महिन्यांनी तेच फोटो मोठ्या फलकांवर दिसले, आणि दुसऱ्या गावच्या एका दुकानाच्या जाहिरातीतही. दादानं जादा पैसे मागितले. उत्तर आलं, "पैसे दिलेत ना? फोटो आमचे."

आम्हाला वाटलं होतं, फोटो काढणारा मालक. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये वेगळं आहे. कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो. म्हणजे दुकानाचं म्हणणं बरोबर होतं. सगळी मेख त्या 'उलट काही ठरलेलं नसेल' या शब्दांत आहे. ठरवलं, तर फोटोग्राफर मालक राहू शकतो. तेही साधंसुधं धन नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो.

त्या आठवड्यात मी दादासाठी दोन पानी करारपत्र लिहिलं. फोटो कुठे वापरायचे, किती काळ, मालक कोण, ॲडव्हान्स किती, फोटो किती दिवसांत मिळणार, काम रद्द झालं तर काय. वकिलाकडून तपासून घेतलं. कॉलेजात इंग्रजी शिकताना मला कोणी सांगितलं नव्हतं, की माझं सगळ्यात उपयोगी लिखाण हे असेल! लग्नाच्या करारात आम्ही आणखी एक ओळ घातली. कुटुंबाच्या लेखी परवानगीशिवाय त्यांचा एकही फोटो इन्स्टाग्रामवर टाकणार नाही. तुमच्या घरी लग्न असेल, तर अशी ओळ तुम्हीही मागून घ्या. लाजू नका.

बेंगळुरूचं लाडकं वाक्य आहे, "स्वल्प ॲडजस्ट माडी." थोडं सांभाळून घ्या. रिक्षा, बस, भाडं, सगळीकडे ते चालतं. दादाकडेही रोज येतं. पूर्वी तो दर कमी करायचा. आता काम कमी करतो. पैसे कमी हवे असतील तर एक अल्बम कमी, दुसरा माणूस नाही, नुसतं मुहूर्ताच्या सकाळचं काम. लोकांना राग येत नाही, उलट नेमकं काय मिळणार ते कळतं. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत. काकांच्या कागदाच्या खाली उतरायचं नाही, एवढा नियम.

एका गोष्टीत मात्र तो कधीच सूट देत नाही. एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो जातील असाच कॅमेरा लग्नाला नेतो. घरी आल्यावर कितीही झोप आली असली, तरी आधी फोटोंच्या तीन प्रती होतात. दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर. मागच्या मोसमात एक कार्ड खरंच बिघडलं. रिसेप्शनचे सगळे फोटो त्यात होते. दुसऱ्या कार्डावर सगळं शाबूत होतं. त्या कुटुंबाला ही गोष्ट आजतागायत माहीत नाही, आणि माहीत व्हायची गरजही पडली नाही.

पैसा बारा महिने सारखा येत नाही, हेही सांगायला हवं. आषाढ, पितृपक्ष, धनुर्मास, या काळात लग्नं जवळपास थांबतात. तुळशीचं लग्न लागलं की फोन वाजायला लागतो. म्हणून रिकाम्या महिन्यांत दादा दुकानांच्या वस्तूंचे फोटो काढतो. आयटीवाल्यांना लिंक्डइनसाठी नीटनेटके फोटो हवे असतात, तेही करतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली, की साधारणपणे जीएसटीची नोंदणी करावी लागते. नफा नव्हे हं, उलाढाल! आम्ही तिथून अजून दूर आहोत, पण वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवलेली बरी.

मुलींच्या आईवडिलांना वेगळी काळजी असते. रात्रीचं येणं-जाणं, अनोळखी ठिकाणं. ती खोटी नाही. पण हे काम बायकांचं नाही, असं कोणी म्हणालं, तर त्यांना होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. जे. जे.मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, ते त्यांच्या स्वतःच्या नावानं.

तर घरात कोणी "मला फोटोग्राफर व्हायचंय" म्हणालं, तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. कुठला कॅमेरा घेणार, असंही विचारू नका. काकांसारखी डायरी काढा. एका कामात हातात किती उरतं? काम नसलेले महिने कसे काढणार? आणि तुला दुसऱ्यांदा कोणी बोलावलंय का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दादाला पहिल्या वर्षी ११ लग्नं मिळाली, दुसऱ्या वर्षी १६. या वर्षी २५ होतील की नाही, अजून सांगता येत नाही. मावशी दर फोनला तोच प्रश्न विचारते आणि दादा तेच उत्तर देतो. पण गेल्या महिन्यात, त्याच्या पहिल्या वर्षीच्या एका लग्नघरातून फोन आला. बाळाचं नामकरण होतं. त्यांनी दर विचारला नाही, फोटो बघायला मागितले नाहीत. फक्त तारीख सांगितली आणि म्हणाले, "तुम्ही या."

दादानं ती तारीख काकांना कळवली. काकांनी ती डायरीत लिहून घेतली.